हाडातील पू आणि कोरी प्लेट

श्रोतेहो, हाडात जंतू शिरून पू झाल्याची ताप, सूज, ठणका ही लक्षणे आपणांस ठाऊकच आहेत, तेव्हा त्यांच्या वर्णनात मिळालेली मिनिटे न दवडता मी माझ्या फिर्यादीकडे वळतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यालगत कळ उठावी, अंगात ताप भरावा, पाय भुईला टेकवेनासा व्हावा, आणि तिसऱ्या दिवशी काढलेली क्ष-किरणांची प्लेट निर्दोष निघताच घरच्या मंडळींनी मुका मार समजून तेल चोळीत बसावे, हा प्रकार अद्याप थांबलेला नाही. जंतूंनी पोखरलेल्या हाडातील चुन्याचा निदान तिसरा हिस्सा नाहीसा झाल्यावाचून प्लेटवर खूण उमटत नाही, आणि त्यास बहुधा 10 ते 14 दिवस लागतात.

चौकटीला वाळवी लागते तेव्हा वरचा रंग शाबूतच असतो. जाणता सुतार त्या रंगावर दाखला देत नाही. तो बोटाने ठोकून पोकळ जागा हेरतो आणि पटाशी घालून भुगा बाहेर काढतो. वैद्यानेही एका बोटाने दाबून कळीची नेमकी जागा शोधावी, रक्तातील सीआरपी व ईएसआर पाहावे, एमआरआय करवावा, सुईने पू काढून तपासणीस धाडावा. मात्र आधीच औषध फवारून ठेवले, तर पटाशीला किडा कोठून लागणार? म्हणून रक्ताचे कल्चर प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी घ्यावे. मूल अत्यवस्थ असेल तर नमुना घेताच औषध सुरू करावे, निकालाची वाट पाहू नये. नमुन्यात बहुतेकदा स्टॅफिलोकोकस हा जंतू सापडतो. परंतु विदर्भात वा नंदुरबारकडे सिकलसेलच्या मुलात साल्मोनेलाही निघतो, आणि त्या व्याधीची नित्याची हाडदुखी हुबेहूब अशीच असल्याने घोटाळा वाढतो.

मणक्याच्या क्षयाची तऱ्हा निराळी; तेथे ताप मंद, पाठदुखी महिनोन्‌महिने, आणि हाडाचा तुकडा तपासल्यावाचून... पण ते राहू द्या, कारण पहिला मुद्दा निसटता कामा नये: पहिल्या आठवड्यातील कोरी प्लेट हा निर्दोषपणाचा पुरावा नव्हे, नव्हे, नव्हे!

वेळ संपल्याची खूण झाली आहे, तरी एवढे ऐकाच. मुलाला शहरातील इस्पितळात नेताना जुनी प्लेट आणि गोळ्यांची चिठ्ठी बरोबर घ्या. कोणते औषध किती दिवस पोटात गेले हे कळल्यावाचून कल्चरमध्ये जंतू का उगवला नाही, याचा उलगडा तेथील डॉक्टरांना होत नाही.