हाती घेतलेला रेणू



वाराणसीच्या दशाश्वमेध घाटालगत मानमंदिर आहे. त्याच्या गच्चीवर सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात वेधशाळा उभारली. सम्राट यंत्राच्या भिंतीची सावली तेथे कमानीवरील खुणांवरून सरकते आणि सूर्याची गती डोळ्यांना दिसते. बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात गणित शिकविणारे मूळचे महाराष्ट्रीय बापूदेव शास्त्री यांनी या यंत्रांवर लेखन केले.

अतिदूरचे जवळ आणणारी ही यंत्रे. अतिसूक्ष्म ते हाती देण्याचे काम रसायनशास्त्रात रेणूंच्या प्रतिकृती करतात. १८६५ मध्ये हॉफमन यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रंगीत चेंडू व काड्या जोडून रेणू दाखविले. काळा कार्बन, पांढरा हायड्रोजन, तांबडा ऑक्सिजन हा संकेत आजही रूढ आहे. मात्र त्यांचा मिथेन सपाट होता. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळलेले असतात, हे १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ व ल बेल यांनी स्वतंत्रपणे मांडले.

फळ्यावर हे उमगत नाही. डायक्लोरोमिथेनमधील दोन क्लोरीन अणू कागदावर शेजारी काढता येतात, समोरासमोरही. विद्यार्थ्याला ती दोन संयुगे वाटतात. प्रतिकृती हातात फिरविताच रेणू एकच असल्याचे कळते. याउलट, कार्बनला चार भिन्न गट जोडले, तर प्रतिकृती आणि तिची आरशातील प्रतिमा एकमेकींवर बसत नाहीत. अर्थात, बंध म्हणजे खरोखरीची काडी नव्हे, हेही सांगितले पाहिजे.

तयार संच प्रत्येक शाळेला परवडत नाहीत, हे खरे. परंतु १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी संबंधित असलेल्या अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व आगकाड्या जोडून त्रिमितीय आकृती घडविल्या. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी असंख्य खेळणी मुलांच्या हाती दिली.

तात्पर्य, येथे टंचाई भांडवलाची नाही. टंचाई आहे ती तासिकेतील वेळेची, शिक्षकांच्या प्रशिक्षणाची आणि प्रश्नपत्रिकेतील जागेची. परीक्षा केवळ सूत्र विचारत असेल, तर प्रयोगशाळेतील संच कपाटातच राहणार आणि त्यावर झालेला सार्वजनिक खर्च वाया जाणार. कोन, आकार आणि कारण विचारणारा एक प्रश्नही हे चित्र पालटू शकतो. तोपर्यंत विद्यार्थ्याने मातीचा गोळा व चार काड्या घेऊन मिथेन स्वतः करून पाहावा. उत्तर पाठ करण्याची गरज उरणार नाही.