कल्ल्यातला पाहुणा



आमच्या बीडला समुद्र नाही. पण बाजारात मासा घेताना अम्मी सांगायची, ‘गलफडा उठाके देख.’ म्हणजे कल्ला उचलून बघ. लाल असेल तर मासा ताजा. ती सवय मला अजून आहे. त्या कल्ल्यात कुणाचं बिऱ्हाड असू शकतं, हे मात्र फार उशिरा वाचलं.

भूमध्य समुद्रात डोळ्यांच्या मधे सोनेरी पट्टा असलेला एक मासा मिळतो. त्याच्या कल्ल्यांवर चपटा, काही मिलिमीटर लांबीचा कृमी राहतो. 1863 साली व्हॅन बेनेडेन आणि हेस यांनी त्याचं वर्णन केलं. आज त्याला स्पॅरिकोटिल म्हणतात. मागच्या टोकाला बारीक चिमट्यांच्या रांगा. त्यांनी तो कल्ल्याला घट्ट धरतो आणि रक्तावर जगतो. त्याला दुसरा प्राणी मधे लागत नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू पोहत जातं आणि थेट नवा मासा गाठतं.

अफाट समुद्रात मासा गाठणं सोपं नाही. बहुतेक पिल्लं वाटेतच संपतात. म्हणून एका माशावर कृमी थोडेच, आणि मासाही तगून राहतो. पण माणसानं हेच मासे जाळीच्या पिंजऱ्यात दाटीनं वाढवले. अंड्यांचे धागे जाळीलाच अडकले. पिल्लाला हातभर अंतरावर मासा मिळू लागला. कल्ले फिकट पडले, मासे रक्तक्षयानं मरू लागले.

आम्हा बीडकरांना हे वेगळं समजवायला नको. ऊसतोडीच्या तळावर एका कोपीत खोकला शिरला, की सगळ्या कोप्यांत खोकला.

आपल्या रोहू-कटल्याच्या कल्ल्यांवरही अशाच प्रकारचा डॅक्टिलोगायरस असतो. उन्हाळ्यात शेततळं आटतं, मासे दाटतात, आणि कोमट पाण्यात त्याची अंडी लवकर फुटतात. मासे वर येऊन धापा टाकू लागले, की कल्ला उघडून पाहा. बोटुकली सोडतानाच बेतानं सोडा. नवी बोटुकली आधी मिठाच्या पाण्यातून काढा. मनानं औषध ओतू नका, मत्स्य विभागाला विचारा.

खाणाऱ्यांनी भिऊ नये. हे कृमी माणसाला लागत नाहीत.

अम्मी कल्ल्यात ताजेपणा बघायची. मी आता आणखी एक गोष्ट बघतो: या माशाला जगताना जागा किती मिळाली होती.