वळवाचे ढग टिपणारे

मे महिन्यात दुपार कलली की मुंबईतल्या चारकोपमधल्या गच्च्यांवर जमलेल्या हवामानवेड्यांची नजर समुद्राकडे नाही, पूर्वेला वळते. पावसाळ्यात ढग पश्चिमेकडून येतात, वळवाचे मात्र बहुधा सह्याद्रीकडून. घाटमाथा तापतो, दमट हवा वर चढते आणि ढग कित्येक किलोमीटर उंच वाढतो. वरच्या थरात पूर्वेचा वारा असला, तर हा ढग ठाणे ओलांडून नॅशनल पार्कच्या डोंगरांवर येतो. या मंडळींच्या हातातल्या मोबाइलवर हवामान खात्याच्या रडारचं चित्र असतं. कुलाब्याच्या जोडीला २०२२ पासून वेरावलीचं डॉप्लर रडारही आलं. ते पावसाच्या थेंबांवरून वाऱ्याचा वेगही सांगतं.

खरा धोका पावसाच्या आधी येतो. पावसाने गार झालेली जड हवा ढगातून खाली आदळते, जमिनीवर पसरते आणि धुळीची भिंत उठवत पुढे धावते. १३ मे २०२४ ला मुंबईने हेच पाहिलं. घाटकोपरला अवाढव्य होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचे प्राण गेले. म्हणूनच, ‘वारा फिरला, खाली या’ असं सोसायटीच्या ग्रुपवर कळवणारा शेजारी मला मोलाचा वाटतो.

वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा: तेवढे किलोमीटर ती दूर. पण गडगडाट ऐकू आला की गच्ची सोडायचीच. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं, तेही मोफत.