जिथे पहारा नव्हता

आज बघूया प्रकटीकरण, अध्याय 3: सार्दीसच्या मंडळीला आलेलं पत्र.

सार्दीस आजच्या तुर्कस्तानात. किल्ला उंच कड्यावर. एका बाजूने कोणी चढूच शकणार नाही, म्हणून तिथे पहाराच नव्हता. इतिहासकार हिरोडोटस सांगतो, एका शिपायाचं शिरस्त्राण खाली पडलं. तो कडा उतरून ते घेऊन आला. शत्रूने वाट पाहून ठेवली आणि इ.स.पू. 546 च्या सुमारास कोरेश राजाचं सैन्य तिथूनच चढलं. तीनशेहून जास्त वर्षांनी तिसऱ्या अंतियोखसच्या वेळी पुन्हा तसंच झालं. तटाचा बिनपहाऱ्याचा भाग!

अशा गावातल्या मंडळीला येशू सांगतो, जागे राहा, मी चोरासारखा येईन. या पत्रात छळाचा उल्लेख नाही, खोट्या शिक्षकांचाही नाही. मंडळीचं नाव चांगलं होतं. आत मात्र जीव उरला नव्हता.

आपलंही बघा ना. राग, वाईट संगत, यांवर आपण लक्ष ठेवतो. पण ‘मी दर रविवारी चर्चला जातो, क्वायरमध्ये गातो, बायबल अ‍ॅपची स्ट्रीक तुटलेली नाही’, तिथे आपण निर्धास्त असतो. ओठांवर गाणं, मन भलतीकडेच.

मग करायचं काय? पत्रातच आहे: जे ऐकलंत ते आठवा, पश्चात्ताप करा, उरलंय ते बळकट करा. आज रात्री स्वतःला विचारा: ‘हे तर मला जमतं’ म्हणून कोणत्या गोष्टीसाठी मी प्रार्थनाच सोडली? सुरुवात तिथूनच करा.

प्रभू तुम्हाला जागं ठेवो. आमेन.