पाते आणि दगड



सुरीची धार सर्वांना दिसते. पात्याच्या अंगावर राहून गेलेला एखादा आडवा ओरखडा मात्र ज्याने ते घासले त्यालाच झोप येऊ देत नाही. ह्या ओरखड्याचे मूळ पुष्कळदा पोलादात नसते, दगडात असते. म्हणून आज आम्ही दगडाविषयीच बोलणार आहोत.

ह्या विद्येत जपानी कारागीर फार पुढे गेले. तेथे कट्यारीचे पाते घडविणारा लोहार वेगळा आणि ते घासून उजळणारा 'तोगीशी' वेगळा. दगड सपाट हवा, असे आपण धरून चालतो. तोगीशी त्याचा माथा मुद्दाम किंचित फुगीर घडवितो. पात्याची बाजूही बहुधा थोडी फुगीरच असते. सपाट दगडाची कड तिच्यावर कोठे रुतेल, नेम नाही. फुगीर दगड थोड्याच जागी टेकतो आणि कोठे किती झिजवायचे हे हातात राहते.

अखेरच्या घासणीत सारे उलटेच! पाते स्थिर आणि दगड फिरता. क्योतोच्या परिसरातील 'उचिगुमोरी' ह्या मऊ दगडाची पातळ चकती काढतात, ती झिजवून पापुद्र्यासारखी करतात, मोडू नये म्हणून पाठीला योशिनो कागद रोगणाने चिकटवितात, कडा गोल करतात आणि अंगठ्याखाली धरून घासतात. कडा गोल करावयाचे विसरले, की ओरखडा आलाच.

आता वंगण. लोखंडाची पूड दगडाच्या छिद्रांत बसली, की दगड कापीत नाही, नुसता घसरतो. पाणी ती पूड सुटी ठेवते. सगळा राडा मात्र धुऊन टाकू नये. बारीक घासणीत तोही काम करतो. जाड दगडावरून बारीक दगडावर जाताना मात्र पाते, हात, बादली, सारे स्वच्छ हवे, कारण जाड दगडाचा एक कण पुढची सारी मेहनत वाया घालवितो. असे पोलाद पाण्याने लगेच गंजते, म्हणून तोगीशी पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालतात.

आपल्याकडे कार्बोरंडमच्या दगडावर तेल घालण्याची सवय. त्याच सवयीने आम्ही एकदा पाण्याच्या उत्तम दगडावर तेल ओतले. तेल प्यालेला दगड पुन्हा पाणी धरीना. सोड्याने धुतला, उन्हात ठेवला, व्यर्थ. आता तो आमच्या परसात आहे, कोयत्याला धार लावावयास, तेलावरच.