संगणक, फुरसत आणि आपली चळवळ

(वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय संगणकाचा आहे. जयंतीच्या व्यासपीठावर हा विषय कशासाठी, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून आरंभ बाबासाहेबांच्या एका विचारापासून करतो. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात काँग्रेस व गांधीजी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेताना त्यांनी यंत्राचा प्रश्न मुळापासून तपासला. माणूस आणि पशू यांत भेद निर्माण करते ती संस्कृती. संस्कृतीला फुरसत लागते आणि बहुसंख्य माणसांना फुरसत केवळ यंत्रच मिळवून देऊ शकते. यंत्रामुळे अनर्थ होत असतील तर दोष यंत्राचा नसून, त्याचे लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे.

हा निकष आपण स्वतःला लावून पाहू. आज आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या घरी संगणक आहे. परंतु त्याने आपल्याला फुरसत दिली काय? संघाचे चिटणीस रात्री जागून सभासदांच्या याद्या हाताने जुळवतात. स्मरणिकेचे संपादक शेकडो छायाचित्रांना एकेक करून नावे देतात. म्हणजे यंत्र घरात आले, पण हमाली संपली नाही. तीच ती कृती शंभर वेळा करणे हे माणसाचे काम नव्हे, ते यंत्राचे काम होय. ते यंत्राकडून करवून घेण्याची विद्या म्हणजे आज्ञेची ओळ, अर्थात कमांड लाईन, आणि तिच्यावर आधारलेली स्क्रिप्ट.

ही विद्या नवी नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचा पाया घातला. माणसाने टंकलेली आज्ञा वाचून ती यंत्राकरवी पार पाडणाऱ्या भागाला शेल म्हणतात. १९७३ साली डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून त्यात पाईपची सोय झाली. पाईप म्हणजे नळी. एका आज्ञेचे फलित थेट दुसऱ्या आज्ञेच्या हाती देण्याची ही युक्ती. प्रत्येक आज्ञेने एकच काम करावे, पण चोख करावे, आणि अनेक आज्ञांनी मिळून मोठे काम तडीस न्यावे, असे हे तत्त्व आहे. अशा आज्ञा क्रमाने एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहून ठेवल्या की स्क्रिप्ट तयार होते. ॲपलच्या संगणकावर टर्मिनल, विंडोजवर पॉवरशेल आणि लिनक्सवर बॅश या नावांनी ही सोय आज विनामूल्य उपलब्ध आहे. यांपैकी युनिक्सच्या परंपरेतील आज्ञांची उदाहरणे मी देणार आहे. त्या ॲपल व लिनक्सवर चालतात, आणि विंडोजवरही लिनक्सचा उपविभाग बसवून चालवता येतात.

आता आपल्याच कामातील उदाहरणे घेऊ. जयंतीची नोंदणी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची नोंदणी आणि देणगीदार अशा तीन याद्या आपल्याकडे असतात. त्या एकत्र करून दुबार नोंदी वगळायच्या आहेत. ‘कॅट’ ही आज्ञा तिन्ही याद्या जोडते, ‘सॉर्ट’ त्या क्रमाने लावते आणि ‘युनिक’ दुबार ओळी काढून टाकते. येथे क्रम महत्त्वाचा आहे. ‘युनिक’ फक्त लगतच्या ओळी ताडून पाहते, म्हणून आधी ‘सॉर्ट’ करावेच लागते. तथापि यंत्राला आपली आडनावे कळत नाहीत. कांबळे हे आडनाव रोमन लिपीत कोणी एक अक्षर अधिक घालून लिहितो, कोणी वगळून. यंत्राच्या दृष्टीने ती दोन माणसे ठरतात. यास्तव तुलना नावाने न करता ईमेलच्या पत्त्याने करावी, आणि तत्पूर्वी सर्व अक्षरे लहान करून घ्यावीत.

दुसरे उदाहरण छायाचित्रांचे. भारतात आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी. त्यामुळे ५-६ या आकड्यांचा अर्थ कोणी पाच जून घेतो, कोणी सहा मे. फाईलच्या नावात वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवला तर हा घोळ मिटतो आणि नावांप्रमाणे लावलेल्या फाईली आपोआप कालानुक्रमे लागतात. डिजिटल छायाचित्राच्या फाईलीत ते काढल्याची तारीख बहुधा नोंदलेली असते. ती वाचून सर्व छायाचित्रांना अशी नावे देणे हे दहा-बारा ओळींच्या स्क्रिप्टचे काम आहे.

तिसरे उदाहरण मराठी मजकुराचे, आणि ते अधिक मोलाचे आहे. आपल्या जुन्या स्मरणिकांचे कितीतरी लेख युनिकोडपूर्व फाँटांत अडकून पडले आहेत. त्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. फाँट हरवला की लेखाचे निरर्थक रोमन अक्षरांत रूपांतर होते. प्रत्येक आकृतीला युनिकोडमधील अक्षर नेमून देणारी सारणी करून ‘सेड’ या आज्ञेने अदलाबदल करता येते. परंतु एवढ्याने भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फाँटांत व्यंजनाच्या आधी टंकलेली असे, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलट आहे. तो पूर्वी अक्षरानंतर येई, युनिकोडमध्ये आधी येतो. या दोहोंची स्थाने बदलणारे नियम लिहावे लागतात. ते एकदा लिहिले की त्याच फाँटातील एक लेख असो वा तीनशे, श्रम तेवढेच. त्यानंतर माणसाने वाचून शुद्धलेखन तपासावे. ते काम यंत्रावर सोपवू नये.

ठरलेल्या वेळी काम करवून घेण्यासाठी युनिक्समध्ये ‘क्रॉन’ आहे. मिनिट, तास, दिनांक, महिना आणि वार असे त्याचे पाच खाने. चौदा एप्रिल, सहा डिसेंबर, चौदा ऑक्टोबर या तारखा ठरलेल्या असल्याने त्यांची पूर्वसूचना क्रॉन दरवर्षी न चुकता पाठवील, मात्र त्या क्षणी संगणक चालू असला पाहिजे. वैशाख पौर्णिमा चंद्रावर अवलंबून असते. ती या पाच खान्यांत बसत नाही, तिच्या तारखा स्वतंत्र यादीने द्याव्या लागतात.

आता सावधगिरीच्या गोष्टी. ‘आरएम’ या आज्ञेने पुसलेली फाईल कचरापेटीत जात नाही, ती जातेच. फाईलच्या नावात मोकळी जागा असेल आणि नाव अवतरणचिन्हांत ठेवले नसेल, तर शेल एका नावाचे दोन तुकडे करतो आणि भलत्याच फाईलीवर घाव पडू शकतो. म्हणून पहिल्यांदा आज्ञेच्या आधी ‘एको’ हा शब्द घालावा, म्हणजे काय घडणार आहे ते केवळ पडद्यावर दिसते, प्रत्यक्षात घडत नाही. प्रयोग नेहमी प्रतीवर करावा. मूळ संग्रहाच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या सभासदाच्या घरी असावी. केवळ बदललेल्या फाईली उचलून प्रत अद्ययावत करण्याचे काम ‘आरसिंक’ करते.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागाल ती स्क्रिप्ट क्षणात लिहून देतात. त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. पण जी आज्ञा आपल्याला वाचता येत नाही ती आपल्या नावाने सोडू नये, आणि सभासदांचे पत्ते व दूरध्वनी त्या साधनांच्या हवाली करू नयेत. एखाद्याने विश्वासाने दिलेली माहिती ही ठेव असते.

मित्रहो, स्क्रिप्टचा सर्वांत मोठा गुण वेळेच्या बचतीहूनही वेगळा आहे. संस्थेचे काम पुष्कळदा एकाच कार्यकर्त्याच्या डोक्यात असते. नोकरीनिमित्त तो दुसऱ्या राज्यात गेला, थकला किंवा रुसला की काम थांबते. नकळत तोच संस्थेचा मालकही होऊन बसतो. ज्ञान एकाच्या मुठीत राहिले की काय होते हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? स्क्रिप्ट हा साधा वाचनीय मजकूर असतो. ज्या ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह असते ती ओळ यंत्र ओलांडून पुढे जाते. तेथे माणसांसाठी मराठीत खुलासा लिहिता येतो की ही ओळ काय करते, कशासाठी करते. पुढच्या वर्षीचा चिटणीस तो वाचील, सुधारील आणि आणखी पुढे देईल. अशी विद्या कोणाची मिरासदारी होऊ शकत नाही.

बाबासाहेबांचे अप्रकाशित लेखन आज आपण वाचू शकतो ते कोणीतरी ते कागद जपले, लावले, जुळवले म्हणून. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेला आणि वसंत मून यांनी संपादिलेला लेखन व भाषणांचा पहिला खंड १९७९ साली आला, तेव्हा महापरिनिर्वाणाला बावीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. परदेशात आलेल्या आपल्या पहिल्या पिढीची पत्रे, भाषणांच्या ध्वनिफिती, पहिल्या जयंत्यांची छायाचित्रे आज घराघरांतील खोक्यांत आहेत. ती जपण्यासाठी लागणारी फुरसत आपल्याला कोणी बहाल करणार नाही, ती कमवावी लागेल.

म्हणून माझी सूचना अशी आहे. संघाने महिन्यातून एक दिवस अभ्यासवर्ग ठेवावा. तेथे तरुणांनी ज्येष्ठांना आज्ञा टंकायला शिकवाव्यात आणि ज्येष्ठांनी तरुणांना त्या छायाचित्रांतील माणसांची नावे सांगावीत. छायाचित्राला तारीख यंत्र देईल, पण त्यात उभा असलेला माणूस कोण होता हे मात्र तुम्हीच सांगू शकता, आणि ते आजच सांगायला हवे.

जय भीम! जय भारत!