कोलाहलातील लय



गेल्या महिन्यात माझा भाचा सुट्टीसाठी आमच्याकडे आला होता. एके दुपारी त्याच्या खोलीतून असा काही घरघराट येऊ लागला की, शेजारच्या गल्लीत खडी दाबणारा रूळ फिरत असावा असे मला वाटले. दार ठोठावून मी म्हणालो, "अरे, तुझे यंत्र बिघडले आहे." तो हसला. "मामा, यंत्र ठीक आहे, वादनच तसे आहे. बसा ना जरा!" मी बसलो, तो मुख्यतः त्याची चूक त्याला दाखवून देण्यासाठी. त्या बैठकीत माझी कशी फजिती झाली, तेच आज सांगावयाचे आहे.

ते वादन 'मेल्विन्स' या अमेरिकन वाद्यवृंदाचे, १९९२ साली निघालेले. हा वृंद १९८३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील मॉन्टेसानो या लहानशा गावी उभा राहिला. पॅसिफिक किनाऱ्याजवळचा तो मुलूख पावसाचा, अरण्यांचा आणि लाकूड कापणाऱ्या गिरण्यांचा. त्या काळी तिकडच्या अनेक तरुण वृंदांना वेगाचे वेड होते. मेल्विन्सही आरंभी वेगानेच वाजवीत. पुढे त्यांनी लय उतरविली, आणि ती इतकी की ऐकणाऱ्याने अवघडून जावे. या जातीच्या संगीताला 'स्लज', म्हणजे गाळ किंवा राडा, असे नाव पडले. नाव हिणकस खरे. पण चिखलात रुतलेले गाडीचे चाक जसे जोर लावून एकेक वेढा पुढे सरकते, तशीच या संगीताची चाल आहे.

ध्वनिमुद्रिकेचे नाव ठेवले होते 'लायसॉल'. ते एका जंतुनाशकाचे नोंदलेले व्यापारी नाव निघाल्यामुळे वेष्टनावर झाकून टाकावे लागले. रसिकांच्या तोंडी मात्र तेच राहिले. बझ ऑस्बोर्न गिटार वाजवितो व गातो, डेल क्रोव्हर ड्रम वाजवितो आणि जो प्रेस्टन खर्जाचे गिटार सांभाळतो. माणसे तीनच, पण आवाज एखाद्या कारखान्याचा! सुमारे एकतीस मिनिटांचे हे वादन खंड न पडता चालते.

हा आवाज निघतो कसा? गिटारची सर्वांत जाड तार सामान्यतः सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. ती एक स्वर उतरविली की कंपने ७३ वर येतात. तार सैल पडते आणि नाद छातीत जाणवू लागतो. मग ध्वनिवर्धकाला त्याच्या कुवतीबाहेर राबवितात. नादलहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वराभोवती नवनव्या उपस्वरांचे मोहोळ उठते. आपण तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी काढतो, तीही उपस्वर जागे करण्यासाठीच. साधन निराळे आणि परिणाम कितीतरी उग्र. पण कान दोहोंकडे एकाच गोष्टीचा शोध घेत असतो.

पहिल्या दहा मिनिटांत शब्द असे नाहीतच. गिटारचा एक प्रचंड आघात होतो, तो गुरगुरत विरत जातो आणि मग दुसरा येतो. पहिल्या पाच मिनिटांत मी तीनदा घड्याळ पाहिले. त्यानंतर केव्हातरी माझ्या ध्यानात आले की, पुढचा आघात कोठे पडेल याची मी वाट पाहतो आहे. आणि तो पडला की मान आपोआप हलते आहे. ज्याला मी कोलाहल म्हणत होतो, त्यात मोजून ठेवलेली जागा होती. मी त्याची चूक काढावयास बसलो होतो. सापडली ती माझीच.

सारेच मला रुचले, असे मात्र नाही. पुढे येणाऱ्या काही रचना इतरांच्या आहेत. त्यांपैकी एक अॅलिस कूपरची १९७१ सालची, वेड्यांच्या इस्पितळातील एका माणसाविषयीची. तिचा आक्रोश मला सोसवला नाही. मेल्विन्सना विश्वविख्यात यशही लाभले नाही. ते १९९१ मध्ये लाभले ते जवळच्याच अॅबर्डीन गावच्या कर्ट कोबेनच्या 'निर्वाणा' वृंदाला. हा कोबेन मेल्विन्सचा चाहता होता आणि निर्वाणाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत काही ठिकाणी ड्रम क्रोव्हरचाच आहे. दूर जपानातील एका वृंदाने तर मेल्विन्सच्या एका रचनेवरून आपले नाव 'बोरिस' असे ठेवले. प्रसिद्धी आणि प्रभाव यांची वाट नेहमीच एक असते असे नाही.

वादन संपल्यावर मी भाच्याला एवढेच म्हणालो, "आवाज थोडा कमी ठेवीत जा, गेलेले कान परत येत नाहीत." त्याने ते मानले. संध्याकाळी मी अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला. त्यांची अतिविलंबित लय म्हणजे माझ्या मते धीराची परीक्षाच. पोरगा पाच मिनिटांत उठून जाईल अशी माझी अटकळ होती. तो उठला नाही. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाला, "मामा, तुमचेही फार सावकाश आहे की!"

तक्रार होती की दाद, ते मी विचारले नाही. तो शेवटपर्यंत बसला होता.